पहिल्या सरीवर पेरणी नको

आपण मुंबईत राहून बीडकडील वडिलोपार्जित शेती यंदा प्रथमच कसणार आहात, याचा आनंद वाटला. दुष्काळानंतर पाऊस झाल्याचा फोन गावाहून आला, म्हणून लगेच पेरणीला धावू नका. कारण तापलेल्या जमिनीतील वरवरची ओल दोन उन्हांत उडते, बियाणे वाया जाते आणि दुबार पेरणीचा खर्च बोकांडी बसतो, जो मी स्वतः सोसला आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या. (दादरला तुंबलेल्या पाण्यावरून अंदाज बांधू नये.) वीतभर खोल उकरून मूठ वळावी, मातीचा लाडू झाला, तर ओल पोचली.

घरचे सोयाबीन असल्यास १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. किमान ७० उगवले, तरच ते पेरा. विहिरींना पाणी उशिराच चढते, त्यामुळे यंदा ऊस नकोच.