माशांच्या टाकीतलं जावा मॉस (पाण्यात वाढणारी मऊ, झुपकेदार वनस्पती) महिन्याभरात तपकिरी पडलं, वर हिरवे धागे आलेत. दिवा बारा तास चालू असतो, विकत आणलेला गोळा तसाच दगडावर बांधलाय. खत कमी पडतंय का?

खत नाही हो. प्रकाश जास्त आणि गाळ जास्त. दिवा बारा तास आणि गोळा तसाच बांधलेला, असं तुम्हीच लिहिलंय. घोळ तिथेच आहे.

मॉसला खरी मुळं नसतात. खालचे बारीक तंतू नुसते दगडाला धरून ठेवायला. अन्न ते पानांतूनच घेतं. म्हणून वाळूत पुरलेल्या खताच्या गोळीचा त्याला काही उपयोग नाही. टाकीत मासे असतील तर त्यांच्या विष्ठेतून मिळतं तेवढं त्याला पुरतं.

मीही सुरुवातीला मुठीएवढा गोळा गुंडाळला होता, दाट दिसावा म्हणून. दोन महिन्यांनी दोरा कापला तर वरचा बोटभर थर हिरवागार आणि आत काळपट लगदा, त्याला गटारासारखा वास. आत ना प्रकाश पोचत होता ना पाणी खेळत होतं. माशांचं उरलेलं खाणं तेवढं नेमानं जाऊन अडकत होतं.

तर दगड बाहेर काढा. टाकीचंच पाणी बादलीत घेऊन मॉस त्यात हलकेच पिळा. चहासारखं पाणी निघेल. हिरवी टोकं कात्रीने कापून घ्या, त्यांचे एक-दोन सेंटीमीटरचे तुकडे करा आणि ओल्या दगडावर इतके विरळ पसरा की खालचा दगड दिसत राहील. मन मानत नाही, पण एवढंच पुरे. वरून साधा सुती दोरा गुंडाळा. काही आठवड्यांत तो कुजून जातो, तोवर मॉसने दगड धरलेला असतो. पहिले तीन-चार आठवडे काहीच घडत नाहीये असं वाटेल. मग टोकांना पोपटी रंगाचे कोंब दिसले की समजा, लागलं.

आता ते धागे. आपल्याकडे मॉसलाही शेवाळ म्हणतात आणि या धाग्यांनाही, त्यामुळे ‘शेवाळावर शेवाळ आलंय’ असं म्हणायची पाळी येते! जुना टूथब्रश त्यात घालून शेवया गुंडाळाव्यात तसा फिरवा, धागे झुपक्याने निघतात. दिवा सहा-सात तासांवर आणा. शेवाळ मारायचं औषध मात्र ओतू नका. ते मॉसलाही बाधू शकतं, आणि त्यात तांबं असेल तर कोळंबी हमखास मरते. चेरी कोळंबी (टाकीत पाळतात ती छोटी लाल कोळंबी) असेल तर उत्तमच, दिवसभर मॉसमधला कचरा वेचत बसते. लांब धागे खाईल ही आशा मात्र ठेवू नका. गोल्डफिश असेल तर तो मॉस उपटणार, कुरतडणार.

पाणी २० ते २५ अंशांत असलं की मॉस खुशीत वाढतं. बरेच दिवस ३० च्या वर राहिलं तर मरगळतं.

छाटणी करताना फिल्टर बंद ठेवा, नाहीतर तुकडे आत जाऊन बसतात. आणि तपकिरी काड्या लगेच फेकू नका. स्वच्छ धुवून काचेच्या बरणीत, उन्हाची तिरीप येणार नाही अशा उजेडाच्या जागी ठेवा. माझ्या अशाच एका बरणीत, मी विसरून गेल्यावर, मेलेल्या वाटणाऱ्या काडीला बाजूने कोंब फुटले होते.