घरासाठी डेस्कटॉप घ्यायचाय. मुलांचा अभ्यास, बँकेची कामं, थोडं यूट्यूब. काय बघू?

एवढ्यासाठी इंटेलचा आय-३ किंवा एएमडीचा रायझन ३ प्रोसेसर पुष्कळ झाला, वेगळं ग्राफिक्स कार्ड नकोच. पैसे एसएसडीवर घाला, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क. माझं जुनं मशीन सुरू होईपर्यंत चहा उकळून व्हायचा. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, आता आधण ठेवायच्या आत स्क्रीन तयार. रॅम ८ जीबी चालते, १६ असेल तर पुढची काही वर्षं बघायला नको.

सेकंडहँड घेणार असाल तर इंटेल प्रोसेसरची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच. त्याआधीच्या बहुतेक प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. दुकानदार हे आपणहून सांगत नाही!

आणि हो, यूपीएस. डेस्कटॉपला बॅटरी नसते; फॉर्म भरताना लाइट गेली की सगळं पहिल्यापासून.