चौथ्या सेमिस्टरला किती पाहिजेत?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातली. एम.ए. मराठीच्या चौथ्या सेमिस्टरला आहे. नेट (प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा) द्यायची तर एम.ए.ला ५५ टक्के लागतात. मला ४०० पैकी आतापर्यंत २१६, १९८ आणि २२१ मिळाले, म्हणजे सरासरी ५२.९ टक्के. आता ५७ टक्के काढले की ५५ होतात ना? मैत्रीण म्हणते, होत नाहीत. इंटर्नलचे (कॉलेजातले विषयाला २० पैकी असतात ते) तीन विषयांचे १५, १६, १४ लागलेत, लोकसाहित्याचा स्वाध्याय द्यायचा राहिला. बाबा ओबीसीच्या दाखल्याचंही म्हणतात. नाव छापू नका.

उत्तर : मैत्रिणीचं बरोबर आहे. ५२.९ आणि ५७ यांची मधली संख्या जवळपास ५५ येते खरी, पण तू तीन सेमिस्टर एका पारड्यात आणि एकच सेमिस्टर दुसऱ्या पारड्यात टाकून दोन्ही सारखी धरलीस. तीन पोती कापूस आणि एक पोतं कापूस, भाव काढताना सारखे धरतो का आपण? ५७ टक्के म्हणजे २२८ गुण. ते मिळवले तरी बेरीज ८६३, म्हणजे ५४ला पण जराशी कमीच.

टक्के बाजूला ठेव आणि गुण मांड. चार सेमिस्टरचे १६०० गुण, त्याचे ५५ टक्के ८८०. तुझ्या हातात ६३५ आहेत. राहिले २४५, म्हणजे ४०० पैकी ६१ टक्क्यांच्या वर. घाबरलीस? थांब, यातले काही गुण आधीच तुझ्या खिशात आहेत. इंटर्नलचे ४५ झालेत. लोकसाहित्यात १५ धरू, म्हणजे ६०. लेखी परीक्षेतून उरले १८५, तेही चार पेपरांच्या ३२० पैकी. ८०च्या पेपरात सरासरी ४६.

तिसऱ्या सेमिस्टरला इंटर्नल ६१ आणि लेखी १६० होते, असं तू पत्रात पुढे लिहिलंय. म्हणजे तेव्हा तू पेपरामागे ४० काढत होतीस. तुला हवेत पेपरामागे सहा-सात गुण जास्त. ६१ टक्के डोंगरासारखे वाटत होते, सहा गुण वाटत नाहीत.

आणि चारही पेपरांत सारखे काढायची गरज नाही. भाषाविज्ञानात आपल्याला ३५च्या वर जमत नाही, असं तू म्हणतेस. मग ते ३५ धर आणि बाकी तिघांत ५० ठेव, बेरीज १८५च येते. शेवटचा १६ गुणांचा प्रश्न वेळेअभावी अर्धा राहतो, असंही लिहिलंस. पाच प्रश्न, तीन तास, म्हणजे एका प्रश्नाला ३६ मिनिटं. पहिल्या प्रश्नाला तू तासभर देत असशील, अशी माझी शंका आहे. येणारा प्रश्न माणूस हावरटासारखा लिहितो. घड्याळ लावून दोन जुने पेपर सोडवून पाहा, तुझे सहा गुण तिथेच पडलेले असतील.

वर थोडी शिल्लकही ठेव. नेटच्या नियमांत ५५ टक्के पूर्णांकात न गुंडाळता मोजतात. माझ्याकडे एक मुलगा आला होता, १६०० पैकी ८७९. एक गुण! तोही ५४.९४चे ५५ होतील म्हणून निर्धास्त होता. तुझ्यासाठी म्हणून मी लेखीचे १९५ लिहून ठेवलेत.

आता दाखला. ओबीसी नॉन-क्रिमीलेयर (घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत) असशील तर नेटला ५० टक्केच पुरतात. तुला त्यासाठी या सेमिस्टरला इंटर्नल धरून ४०० पैकी फक्त १६५ हवेत, नुसतं पास होण्याच्या जरासं वर. पण राज्याच्या कामांसाठी मिळतो तो दाखला इथे चालेलच असं नाही, केंद्राच्या नमुन्यातला लागतो. बाबांना म्हण, वावरातून सवड काढून सेतूत जा आणि ‘केंद्रासाठी पाहिजे’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर नेहमीचाच नमुना हातात देतील. तो हातात येईपर्यंत ५५चंच गणित धर. आणि नेटचा अर्ज निकालाची वाट न पाहता भरता येतो, शेवटच्या वर्षातल्यांनाही परवानगी आहे. पुढे दोन वर्षांत एम.ए. त्या टक्क्यांनी पूर्ण केल्याचं दाखवावं लागतं.

लोकसाहित्याचा स्वाध्याय मात्र या सोमवारीच देऊन ये. मी १५ धरलेत ते तू दिलाच आहे असं समजून. नाहीतर ते १५ गुणसुद्धा लेखीतूनच काढावे लागतील.