मुलगी सातवीत आहे. त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचं सूत्र पाठ आहे, पण उंची कुठली हेच कळत नाही. क्लास लावावा का?

नका लावू. तिथे तेच सूत्र आणखी पन्नास वेळा घोटून घेतील, आणि सूत्र तर तिला येतंच आहे. अडलंय ते 'उंची' या शब्दापाशी. पाया खाली असतो, उंची वर जाते, हे मूल घराकडे आणि झाडाकडे बघून शिकलेलं असतं. मग पाया तिरका दिसला की ते पानाच्या खालच्या कडेकडे सरळ रेघ ओढतं. बावीस वर्षं गणित शिकवलं, ही रेघ शेकडो वह्यांत पाहिली.

एकदा चाचणीत मी ६, ८ आणि १० सेंमी बाजूंचा काटकोन त्रिकोण दिला. १० ची बाजू खाली, काटकोन वर, खूणही केलेली. बहुतेकांनी १० पाया आणि ८ उंची धरून ४० लिहिलं. एका मुलीनं २४ लिहिलं. कसं, विचारलं तर म्हणाली, "बाई, गुण्या वरच्या कोपऱ्यात बसतोय ना, मग त्याच दोन बाजू घ्यायच्या." तिचे वडील गवंडी. "बाबा भिंत ओळंब्यानं बघतात आणि कोपरा गुण्यानं." ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, तो जमिनीकडे बघतो; गुण्या म्हणजे काटकोनाची पट्टी, ती रेघेकडे. भूमितीतली उंची गुण्याची असते. हे मला इतकं स्वच्छ कुणीच सांगितलं नव्हतं. पुढे प्रत्येक वर्गात मी तेच सांगितलं.

तीच चाचणी बघून एक ज्येष्ठ सर सगळ्यांसमोर म्हणाले, "उलट्या आकृत्या देऊन मुलांचे मार्क कशाला घालवता? वही फिरवली की झालं." मी तेव्हा गप्प बसले. बसायला नको होतं. विशालकोन त्रिकोणात सर्वांत लांब बाजू सोडून दुसरी पाया धरली की उंची पायाच्या बाहेर पडते, तिथे वही कितीही फिरवली तरी मूल रेघ आतच ओढतं. चौरस टोकावर उभा केला की त्यांना तो शंकरपाळं वाटतो, आणि चौरस हा आयतही असतो हे तर पटतच नाही. मुलं आकार आधी चेहऱ्यावरून ओळखतात, गुणधर्म नंतर कळतात, हे व्हॅन हिले या डच शिक्षक दांपत्यानं १९५७ मध्येच मांडलं होतं. फळ्यावर कायम सरळच आकृती काढली तर तो चेहराच पाठ होणार! वही फिरवायला शिकवणं म्हणजे चूक झाकणं, असं माझं ठाम मत आहे.

घरी पुठ्ठ्याचा त्रिकोण कापा. तिन्ही बाजू आळीपाळीनं पाया धरून, गुण्या लावून तिला उंची मोजू द्या. पाया गुणिले उंची तिन्ही वेळा जवळपास सारखंच येईल. का, ते तिलाच विचारा. नंतर विशालकोनाचा कापा, तिथे दोनदा पायाची रेघ वाढवावी लागेल.

मात्र दशांशाच्या गुणाकारातच ती अडखळत असेल, तर आधी तो पक्का करून घ्या. त्यासाठी शिकवणी लावलीत तरी माझी हरकत नाही.