‘ब्लेझ अ ट्रेल’ आणि जंगलातला वणवा

प्रश्न : आमच्या भागातील एका महिला सरपंचांविषयी इंग्रजी वृत्तपत्रात ‘शी ब्लेझ्ड अ ट्रेल’ असे छापून आले. ‘ब्लेझ’ म्हणजे आगीचा भडका, असे आम्ही वर्गात शिकवतो. दर उन्हाळ्यात वणव्याने हैराण होणाऱ्या मुलखात हे कौतुक कसे समजावे आणि हा प्रयोग केव्हा करावा?
– एक शिक्षक, धानोरा (जि. गडचिरोली)

उत्तर : ‘ब्लेझ अ ट्रेल’ म्हणजे मागून येणाऱ्यांसाठी नवी वाट पाडणे; या वाक्प्रचाराशी आगीचा संबंध नाही. घोड्याच्या तोंडावरील पांढऱ्या पट्ट्याला इंग्रजीत ‘ब्लेझ’ म्हणतात आणि झाडाची साल तासल्यावर जो फिकट चट्टा उघडा पडतो, त्यालाही हेच नाव आहे. अमेरिकेत वसाहती करणारे लोक अनोळखी रानातून जाताना कुऱ्हाडीने अशा खुणा करत, म्हणजे परतताना चुकामूक होत नसे आणि मागून येणाऱ्यालाही वाट सापडे. तुमच्याकडे तोडीसाठी निवडलेल्या झाडाची साल तासून वनखाते त्यावर हातोड्याचा ठसा मारते, तो चट्टा विद्यार्थ्यांना दाखवावा. तिथे ती खूण झाडाच्या मरणाची असते, एवढे मात्र सांगावे लागेल.

तेव्हा नुसते पहिले येणे या वाक्प्रचाराला पुरत नाही. मागच्यांना त्या वाटेने जाता आले पाहिजे. तुमच्याच तालुक्यातील मेंढा-लेखा घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क सर्वांत आधी मिळवणाऱ्या गावांत ते होते, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि पुढे जिल्ह्यातील इतर ग्रामसभाही बांबू व तेंदूपत्त्याचे व्यवहार स्वतः करू लागल्या. इथे हा प्रयोग अगदी चपखल बसतो.

सरपंचबाईंच्या कामाचा कित्ता शेजारच्या ग्रामपंचायतींनी गिरवला असेल, तर वार्ताहराचे म्हणणे योग्यच आहे. आधीपासून सुरू असलेल्या लढ्यात त्या आघाडीवर राहिल्या असतील, तर ‘लीड द चार्ज’ अधिक बरे. पण हल्ली सत्कार समारंभांत ज्याला त्याला ‘ट्रेलब्लेझर’ ही पदवी बहाल होते, त्याला कोण काय करणार! वाक्यरचना सोपी आहे : ज्यांच्यासाठी वाट झाली त्यांच्याआधी ‘फॉर’ आणि क्षेत्राच्या नावाआधी ‘इन’ लावावा.