पॅलेस थिएटर ते केशवराव भोसले नाट्यगृह

प्रश्न : कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी केशवरावांसाठीच बांधले आणि गाजलेला ‘संयुक्त मानापमान’ तेथेच झाला, असे आमच्या घरातील थोरली माणसे सांगत असत. यात तथ्य किती? आणि नाट्यगृह कुस्तीच्या मैदानाला खेटून का बांधले असावे?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आपल्या घरच्या सांगण्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे, मात्र ती आपल्याच घरी झाली आहे असे नाही, खुद्द कोल्हापुरातही ती ऐकायला मिळते. या वास्तूचे बांधकाम 9 ऑक्टोबर 1913 रोजी सुरू झाले आणि 14 ऑक्टोबर 1915 रोजी ते पूर्ण झाले. त्या वेळी तिचे नाव होते पॅलेस थिएटर. गायक-नट केशवराव तेव्हा अवघे पंचवीस वर्षांचे होते. 1908 मध्ये हुबळीला त्यांनी स्थापन केलेली ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळी नावारूपाला आलेली होती, परंतु हयात नटाचे नाव नाट्यगृहाला देण्याचा तो काळ नव्हता. केशवरावांचे नाव या वास्तूला मिळाले ते 1957 मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर छत्तीस वर्षांनी.

‘संयुक्त मानापमान’, म्हणजे दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेला ‘मानापमान’ नाटकाचा प्रयोग, कोल्हापुरात झाला नाही. तो प्रयोग 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला ग्रँड थिएटरात, टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी झाला. त्यात नायक धैर्यधर केशवरावांचा आणि नायिका भामिनी बालगंधर्वांची. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर उभे राहिले, याचेच त्या वेळी अप्रूप वाटले. कोल्हापूरचा या नाटकाशी संबंध आहे तो निराळ्या वाटेने : नाटककार खाडिलकरांच्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे कोल्हापूरचे. त्या प्रयोगानंतर तीन महिने उलटण्यापूर्वीच, 4 ऑक्टोबर 1921 रोजी, केशवराव विषमज्वराने गेले. एवढ्या लवकर गेलेल्या माणसाच्या आठवणी त्याच्या गावातील या वास्तूभोवती गोळा व्हाव्यात, हे मला स्वाभाविक वाटते.

आता मैदानाविषयी. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज 1902 मध्ये विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचे जुने क्रीडागार पाहिले आणि परतल्यावर खासबागेत कुस्तीसाठी तसेच गोलाकार, उतरत्या बैठकींचे मैदान उभारण्याचे मनावर घेतले. मैदान 1912 मध्ये तयार झाले आणि पुढच्याच वर्षी त्याच्या पाठीला पाठ लावून नाट्यगृहाचे काम सुरू झाले. दोन्ही वास्तूंमागील दृष्टी एकच आहे : मागे बसलेल्या माणसालाही समोरचे सारे नीट दिसावे. मैदानात त्यासाठी उतार आहे, तर नाट्यगृहाच्या प्रेक्षागारात मध्ये एकही खांब येणार नाही अशी रचना केली गेली. कुस्ती आणि संगीत नाटक ही एकाच राजाश्रयाची दोन अंगे होती, आणि लाल मातीचा शौकीन रात्री नाटकाला जाऊन बसतो यात कोल्हापूरकराला कधी विसंगती वाटली नाही. (पुण्या-मुंबईच्या समीक्षकांना ती वाटते, हा भाग अलाहिदा.)

प्रश्न : आगीत या नाट्यगृहाचे जुने काही उरले आहे काय? नवी वास्तू पूर्वीसारखी होऊ शकेल काय?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : आग 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री लागली, दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. छप्पर, रंगमंच, पडदे आणि खुर्च्या यांची राख झाली, बाहेरच्या दगडी भिंती मात्र उभ्या राहिल्या. नाट्यगृहाच्या आतील लाकूड, कापड आणि गाद्या किती झपाट्याने पेट घेतात हे पाहता, एवढे उरले हेही थोडके नव्हे.

पूर्वीसारखी वास्तू म्हणजे काय, हे मात्र आधी ठरवावे लागते. दर्शनी भाग आणि कमानी जुन्या छायाचित्रांवरून हुबेहूब उभारता येतील. ते काम चांगल्या गवंड्याचे आहे. अवघड प्रश्न आवाजाचा आहे. हे प्रेक्षागार ज्या काळात बांधले गेले, त्या काळात ध्वनिक्षेपक नव्हते. नटाने केवळ ऑर्गन आणि तबल्याच्या साथीवर पद म्हणायचे, ते शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे, आणि तेथूनच ‘वन्स मोअर’ यायचा. छताची उंची, त्याचा बाक आणि भिंतींचा पृष्ठभाग यांवर हे सारे अवलंबून असते. अग्निरोधक साहित्य वापरणे आता अनिवार्य आहे, पण त्याने आवाज शोषला जातो की परत फेकला जातो, याची तपासणी खुर्च्या बसवण्यापूर्वी, रिकाम्या प्रेक्षागारात एखाद्या गायकाला उभे करून व्हावी असे मला वाटते. ध्वनिक्षेपक आहेतच, मग एवढी यातायात कशाला, असे म्हणणारे भेटतील. त्यांना नाट्यपद विनामाईक ऐकण्याचा योग बहुधा आलेला नसतो.