वाचकांचे प्रश्न : अपडेटनंतर तुटणारे वाय-फाय

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात माझे सेवा केंद्र आहे. विंडोज ११ चे अपडेट झाल्यापासून लॅपटॉपचे वाय-फाय वारंवार तुटते आणि शेतकऱ्यांचे पीक विम्याचे अर्ज अर्धवट राहतात. मोबाइल मात्र त्याच वाय-फायवर नीट चालतो. विंडोज नव्याने टाकावे, असा सल्ला मिळाला आहे. काय करावे?

उत्तर : विंडोज नव्याने टाकण्याची घाई करू नये. आधी जोडणी नेमकी कोठे तुटते, ते पाहावे. गावाकडे वीज गेली की इन्व्हर्टरवर जाताना राउटर क्षणभर बंद पडतो, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंतचा खोळंबा उगाच लॅपटॉपच्या माथी मारला जातो. म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा लिहिण्याच्या विंडोजच्या खिडकीत) इंग्रजी अक्षरांत ‘पिंग’, त्यापुढे राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि शेवटी वजाचिन्हासह ‘टी’ लिहून ती खिडकी चालू ठेवावी. इंटरनेट थांबल्यावरही राउटरची उत्तरे येत राहिली, तर बिघाड राउटरच्या पलीकडे आहे. उत्तरेही थांबली आणि त्याच वेळी मोबाइल चालत असला, तर लॅपटॉपकडेच लक्ष द्यावे.

तेथे पहिला संशय वाय-फाय कार्डाच्या ड्रायव्हरवर, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर घ्यावा, कारण अपडेटबरोबर तोही बदलला जाऊ शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (संगणकाच्या भागांच्या विंडोजमधील यादीत) ‘नेटवर्क अॅडॅप्टर्स’खाली आपले कार्ड शोधावे, त्याच्या प्रॉपर्टीजमधील ‘ड्रायव्हर’ टॅब उघडावा आणि ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबून जुन्या ड्रायव्हरवर परतावे. ते बटण अंधूक असेल, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचाच ड्रायव्हर उतरवून घ्यावा. तेवढा वेळही वाय-फाय टिकत नसेल, तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय, सुरू करावे. त्याच प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅब दिसत असल्यास, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढावी.

राउटर ओसरीत आणि लॅपटॉप जाड मातीच्या भिंतीआड असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असली, तरी भिंतीतून २.४ गिगाहर्ट्झइतकी पोहोचत नाही, आणि नवा ड्रायव्हर लॅपटॉपला तिच्याकडेच ओढत असण्याची शक्यता असते. अनेक कार्डांच्या ‘अॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘प्रेफर्ड बँड’ हा पर्याय असतो, तेथे २.४ निवडून दिवसभर काम करून पाहावे. कामाच्या जागी मला वेगापेक्षा टिकणारी जोडणी मोलाची वाटते.

एवढे करूनही फरक न पडल्यास ‘नेटवर्क रिसेट’ करावे, म्हणजे नेटवर्कची मांडणी मूळ स्थितीत आणावी, मात्र साठवलेले वाय-फाय पासवर्ड त्यात पुसले जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवावेत. विंडोजची आवृत्तीच बदलणारे मोठे अपडेट झाले असेल, तर सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’तून मागे जाण्याची सोय साधारणपणे १० दिवसच राहते.

प्रश्न : असा त्रास होऊ नये म्हणून अपडेट कायमचे बंद ठेवले तर चालेल का? (चामोर्शी तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : नाही. आपल्या संगणकावर गावकऱ्यांचे आधार आणि बँक खात्यांचे तपशील हाताळले जात असतील, तर सुरक्षेच्या सुधारणा चुकवणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. अर्जांच्या गर्दीत ‘पॉज अपडेट्स’ वापरून ते ५ आठवड्यांपर्यंत पुढे ढकलावेत आणि गर्दी ओसरल्यावर, काम नसलेल्या संध्याकाळी, वीज असताना करून घ्यावेत.